मदत हवी आहे: अटलांटिक ओलांडताना लाइफजॅकेट आणि शेंगेनची कागदपत्रं

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये लास पाल्मास (स्पेनची कॅनरी बेटं) ते कॅरिबियनमधलं सेंट लुशिया, साधारण 2700 सागरी मैल, शिडाच्या बोटीवर शिकाऊ खलाशी म्हणून जायचं ठरलंय. दोन गोष्टी अडल्यात.

पहिली लाइफजॅकेटची. 150 न्यूटन तरंगशक्तीचं, हार्नेस (बोटीला दोरीने जखडून घ्यायचा पट्टा) आणि मांडीपट्टा असलेलंच घेणार. मांडीपट्टा नसला की फुगलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि तोंड पाण्याबाहेर राहत नाही. प्रश्न आपोआप फुगवणाऱ्या यंत्रणेचा आहे. विरघळणाऱ्या गोळीची स्वस्त पडते, पण दमट हवेत ओलं जॅकेट बंद कपाटात टांगलं की गोळी मऊ पडते, स्प्रिंग सुटते आणि जॅकेट जागच्या जागी फुगतं. पाण्याच्या दाबावर चालणारीला हा त्रास नाही, मात्र तिचं सुटं किट महाग. तीन आठवड्यांच्या वाटेवर तुम्ही कोणती वापरलीत? आणि मुंबईहून विमानात जॅकेट फुगवणाऱ्या गॅसचा 33 ग्रॅमचा एक सिलिंडर बसवलेला, एक सुटा, असं नेताना विमान कंपनीची परवानगी किती दिवस आधी मागितलीत?

दुसरी शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाची. आत विमानाने, बाहेर बोटीने. म्हणजे स्पेनहून परतीचं तिकीट नाही. स्किपरचं (बोटीच्या कप्तानाचं) पत्र, क्रू लिस्ट (बोटीवरच्या माणसांची यादी) आणि कॅरिबियनहून मुंबईचं तिकीट एवढ्यावर कुणाला व्हिसा मिळालाय का? निघाल्याची नोंद बंदरातल्या पोलिसांकडे करायची राहिली तर पुढे ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचं) दिसतो, याची जास्त धास्ती आहे. भारतीय पासपोर्टवर हे केलेल्यांनी कृपया क्रमवार सांगा.