फर्लोवर असताना काम: नेमके काय चालत होते

फर्लोवर असताना काम करता येत होते का, या प्रश्नात दोन मुद्दे एकमेकांत मिसळले जातात: स्वतःच्या मालकासाठी काम आणि दुसरीकडे नोकरी. ब्रिटनच्या फर्लो योजनेत (मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१; कोविडकाळात कर्मचाऱ्याला कामावरून तात्पुरते घरी बसवून त्याच्या पगारासाठी मालकाला सरकारी मदत) बंदी होती ती स्वतःच्या मालकासाठी काम करण्यावर. त्याला उत्पन्न मिळवून देणारे किंवा सेवा पुरवणारे काहीही चालत नसे, संलग्न कंपनीसाठीसुद्धा नाही. त्यामुळे 'फक्त ग्राहकांच्या ईमेलना उत्तरे दिली' हेही कामच. पगार न घेता केले तरी फरक पडत नाही; उलट हाच प्रकार सर्वाधिक गोत्यात आणणारा, कारण ईमेलवर तारीख-वेळ राहते.

दुसऱ्या मालकाकडे नोकरी मात्र चालत होती, मूळ करारात मनाई नसेल तर. तिथल्या पगारामुळे फर्लोत मिळणारे पगाराचे ८० टक्के (महिना कमाल २,५०० पौंड) कमी होत नसत. नव्या ठिकाणी स्टार्टर चेकलिस्टवर (नव्या मालकाला करासाठी भरून द्यायचा फॉर्म) 'सी' विधान, म्हणजे 'माझी दुसरी नोकरीही आहे', निवडायचे, नाहीतर करमुक्त मर्यादा दोनदा लागून नंतर कर भरावा लागे.

प्रशिक्षणाला परवानगी होती, पण त्या तासांना किमान वेतन बंधनकारक. फर्लोची रक्कम कमी पडली तर फरक मालकाने द्यायचा.

१ जुलै २०२० पासून अर्धवेळ काम चालू लागले. नेहमीचे ४० तास असतील आणि १६ तास काम केले, तर त्या १६ तासांचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा आणि सरकारकडे दावा उरलेल्या २४ तासांचाच. कमाल मर्यादाही त्याच प्रमाणात, म्हणजे १,५०० पौंड. तासांची नोंद मालकाने ६ वर्षे ठेवायची असा नियम होता; ती मुदत संपेपर्यंत कृपया टाकून देऊ नका.