अनुभव धागा : निजलेली ड्रॅगनदेवी आणि तिची उस्तवार

कुणी टेबलावर फासे टाकून खेळायला रचलेलं असो की कथामालिकेसाठी, कल्पित जगात डोंगराच्या पोटात निजलेली ड्रॅगनदेवी हमखास सापडते. तिचा पंथ म्हणजे बहुतेक वेळा काळे झगे घालून तिला उठवायला टपलेली दहा-बारा टाळकी. देवी काही करत नाही, म्हणून लेखकही पुढे काही रचत नाही. खरं तर देवी निजली की सगळं काम माणसांवर पडतं: अंथरूण, दिवा, नैवेद्य, पहारा, मानपान आणि त्यावरून होणारी भांडणं. ज्यांना यातला एखादा भाग नीट ठाऊक आहे त्यांनी लिहावं. मापं, क्रम आणि कुठे बिनसतं ते हवं. ‘आमच्या खेळात काय धमाल झाली’ ते नको.

पंचांग बघणारे, धाराशिवकडचे

निजणारी देवी आपल्याकडे प्रत्यक्षात आहे, तिथूनच सुरुवात करा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरते आणि पलंगावर निजते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, म्हणजे नवरात्रातल्या युद्धाआधीची. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. पौष शुद्ध प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंत मोहनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधीची. सगळे मिळून साधारण २१ दिवस. मधली तिथी क्षय झाली की निद्रा एका दिवसाने आखूड होते, वृद्धी झाली की लांबते.

यातून उचलायचं ते असं, की झोपेला कारण द्या. युद्धाआधीची झोप, दमल्यानंतरची झोप आणि मोहाची झोप यांचे नियम सारखे असूच शकत नाहीत. प्रत्येक झोपेसाठी तीन गोष्टी ठरवून ठेवा: निजण्याआधी काय तयार करावं लागतं, निजल्यावर नेहमीचं काय बंद होतं, आणि उठवण्याचा मान कुणाचा. तुळजापुरात घोरनिद्रेआधी गाद्यांचा कापूस पिंजला जातो आणि निद्राकाळात नेहमीचे अभिषेक थांबतात. दसऱ्याची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, पलंग घोडेगावचा. देवी एका गावात आणि तिचं अंथरूण दुसऱ्या गावचं, एवढ्या एका गोष्टीवर कल्पित जगात रस्ता, कर, मुक्कामाची गावं आणि दोन घराण्यांचं वैर उभं राहतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती महिन्यांत. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांची तफावत पडते. साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घातला नाही तर आठ वर्षांत देवीची झोप जवळजवळ तीन महिने आधी सरकते. म्हणजे थंडीतली म्हणून रचलेली झोप भर पावसात येते आणि पिंजलेला कापूस दमट होतो. कुणाला हे मुद्दाम हवं असेल तर उत्तम: अधिक महिना घालायचा की नाही यावरून पुजाऱ्यांत फूट पडते आणि एका देवीच्या दोन झोपा सुरू होतात.

सर्पमित्र, रत्नागिरी

आधी ठरवा की ड्रॅगन सापाच्या जातीचा की मगरीच्या. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यामुळे तो निजला काय नि जागा काय, डोळे उघडेच. सर्पदेवी असेल तर ती झोपली आहे हे डोळ्यांवरून कुणालाच कळणार नाही, पुजाऱ्यालाही नाही. हा एवढा एक नियम पाळला तरी पंथाला धर्मशास्त्र मिळतं. मगरीला पापण्या असतात, पण ती कधी कधी एकच डोळा उघडा ठेवून विसावते आणि माणूस जवळ असला तर तो डोळा त्याच्याकडे रोखलेला असतो.

कात हा पूजेचा कणा करा. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, काही दिवसांनी पुन्हा निवळतात, आणि त्यानंतर कात पडते. पुजाऱ्यांना मिळणारी पूर्वसूचना हीच. ओठाच्या कडेपासून कात सुटायला लागते, उलटी होत शेपटाकडे जाते, आणि खवल्यांमधली कातडी ताणल्यामुळे सापापेक्षा लांब भरते. कातेवरून देवीची लांबी मोजणारे म्हणूनच नेहमी जास्त सांगतात. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचा पापुद्रा अडकतो. तसं झालं तर ओढायचं नाही. ओलावा वाढवायचा, कोमट ओल्या कापडाच्या घड्या ठेवायच्या आणि वाट पाहायची. ओढून काढला तर खालचा डोळा जाऊ शकतो. उन्हाळ्यात गाभाऱ्याच्या भिंती आणि गोणपाटं भिजवणारी पाणक्यांची एक पिढीजात फळी इथूनच सुचते.

आवाजाबद्दल: सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीतली कंपनं तो जबड्यातून घेतो, खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात. तेव्हा बारीक आवाजाची घंटा खुशाल वाजू दे. देवी जागी होईल ती ढोलाने, बैलगाड्यांच्या रांगेने किंवा डोंगरात लावलेल्या सुरुंगाने. दगडखाण आणि देऊळ यांचं भांडण लिहायचं तर याहून चांगलं कारण मिळणार नाही.

आणखी एक. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते, बहुधा काही खात नाही आणि स्नायू थरथरवून अंडी उबदार ठेवते. बाहेरून पाहणारा म्हणेल झोपली आहे.

दूध पाजू नका. सापाचं ते अन्न नाही, त्याला त्रासच होतो. कल्पित असली तरी.

फोंड्याकडचे

ड्रॅगन दिसलाच पाहिजे का? गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, त्याला रोयण म्हणतात. देवी आत आहे, वर माती आहे, बस. निजलेल्या देवीला याहून नेमकं रूप नाही, पण वारूळ जिवंत असेल तर अडचणी खऱ्या येतात, त्या लिहा.

वारूळ वाढतं. गाभारा कायमच्या मापाने बांधला तर पुढच्या पिढीला छत उचलावं लागतं. वाळवी लाकूड खाते, म्हणून खांब जांभ्या दगडाचे करा; लाकडी मखर हौसेने केलं तर ते दर काही वर्षांनी बदलायचा खर्च धरा. पाण्याचा अभिषेक थेट वारुळावर केला तर माती विरघळते. पुढे मुखवटा किंवा पाषाण ठेवून पाणी त्याच्यावर घाला आणि पन्हळ वारुळापासून दूर काढा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्या शेकड्यांनी बाहेर पडतात आणि उजेडावर झेपावतात. त्या संध्याकाळी देवळातले दिवे मालवावे लागतील, आणि नंदादीप कधीच विझू नये असा नियम आधी करून ठेवला असेल तर गोची. तो नियम मुद्दाम करा.

हिशेबनीस

नंदादीपाचं निघालंच आहे तर जमिनीचा हिशेब घ्या. मध्यम वातीला तासाला साधारण ५ ते १० मिलिलिटर तेल लागतं. रोजचं १२० ते २४० मिलिलिटर, वर्षाचं ४५ ते ९० लिटर. घाण्यावर एक लिटर तिळाच्या तेलाला अडीच किलोच्या आसपास तीळ धरा. म्हणजे ६० लिटरला दीडशे किलो तीळ, आणि कोरडवाहू तिळाचं उत्पन्न पाहता ही साधारण एका एकराची कमाई. ‘सहस्रदीपांचं देऊळ’ असं सहज लिहून जाणाऱ्यांनी हजार एकर कुठे आहेत ते नकाशावर दाखवावं. सात दिवे ठेवा, सात एकर इनाम द्या, आणि दुष्काळात कुठला दिवा आधी विझवायचा याचा क्रम लावून ठेवा.

गेम मास्टर (टेबलावरचा खेळ चालवणारा), पुणे

फासे. ‘प्रत्येक गडबडीला वीसबाजूंचा फासा टाका, १ पडला की देवी उठली’ हा नियम सगळे करतात आणि तो फसतो. तिसऱ्या गडबडीपर्यंतच उठण्याची शक्यता १४ टक्के होते, चौदाव्याला ५१ टक्के. म्हणजे मोहीम सुरू होता होता संपू शकते, किंवा देवी कधीच उठत नाही, आणि दोन्हीकडे खेळाडूंना आधी काहीच चाहूल लागत नाही.

त्यापेक्षा उतरता फासा वापरा. सुरुवात बाराबाजूंच्या फाशाने. गडबड झाली की टाकायचा; १ किंवा २ पडला तर पुढच्या वेळी दहाबाजूंचा, मग आठ, सहा, चार. चारबाजूंच्या फाशावर १ किंवा २ आला की देवी उठली. सरासरी वीस फेकी मिळतात (६+५+४+३+२). प्रत्येक उतरणीला एक खूण बांधा: डोळे दुधाळ झाले, कात सुटली, भिंती कोमट झाल्या, विहिरीचं पाणी थरथरलं. फासा टेबलावर सगळ्यांसमोर ठेवा. लपवलात तर धास्ती तुमच्यापुरतीच राहते.

फासा पुन्हा चढवायची सोय हवी, नाहीतर पुजाऱ्यांना खेळात काम उरत नाही. पूर्ण विधी पार पडला तर एक पायरी वर. विधीला तीन दिवस आणि ठरलेलं सामान लागू दे, आणि त्यातली एक वस्तू तरी परगावाहून येणारी असू दे. धाराशिवकरांचा पलंग इथे फिट बसतो.

वर कुणी हा मुद्दा काढला नाही म्हणून: उठवणारा पंथ रद्द करू नका, पण त्याला खरी तक्रार द्या. इनामाच्या सात एकरांवर ज्यांची शेतं गेली, त्यांना देवी उठलेलीच बरी वाटेल.

पंढरपूरचे

उलटी बाजूही वापरा: देवाची झोप काढून घेणे. आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाचा पलंग काढतात, शेजारती वगैरे नित्योपचार थांबतात आणि चोवीस तास दर्शन चालू राहतं. यात्रा उरकली की प्रक्षाळपूजा: मूर्तीला लिंबू-साखर चोळून गरम पाण्याने स्नान, मग शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य. त्यानंतर पलंग परत जागेवर.

ड्रॅगनदेवीला लोकांनीच जागं ठेवलं आहे आणि पलंग परत करायला कुणी तयार नाही, कारण यात्रेचं उत्पन्न बुडतं, हे कथानक झोपमोडीच्या कथानकापेक्षा जास्त टिकाऊ आहे. गेम मास्टरांचा फासा इथे उलटा चालवता येईल.

स्वयंपाकघरातून

मनाई लिहिलीत की त्यातून पदार्थ निघाला पाहिजे. नागपंचमीला चिरणं-कापणं नाही, तवा नाही, तळण नाही, म्हणून घरोघरी उकडलेली दिंडं. देवीच्या निद्राकाळात हेच लावा.

एक वाटी हरभरा डाळ मऊ शिजवून, पाणी पूर्ण निथळून, पाऊण ते एक वाटी गुळात आटवायची. उलथनं पुरणात उभं राहिलं की झालं. वेलची-जायफळ घालायचं. कणीक पोळीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. पुरीएवढी लाटून मध्ये पुरण, चारी बाजू दुमडून चौकोनी घडी, आणि घडीची बाजू खाली. चाळणीला तेलाचा हात, पाण्याला आधी उकळी, मग बारा ते पंधरा मिनिटं वाफ. पुरण सैल राहिलं तर दिंड फुटतं, कणीक सैल असेल तर चाळणीला चिकटतं. झाकणाला फडकं बांधलं नाही तर वाफेचं पाणी वर टपकून दिंडं गचगचीत होतात. वर साजूक तूप.

यात्रेसाठी करायची असतील तर एका वाटी डाळीची दहा-बारा धरा, आणि पुरण आदल्या रात्रीच आटवून, वाटून ठेवा; निद्राकाळात पहाटेनंतर पाट्याची घरघर चालणार नाही, कारण जमिनीतली कंपनं देवीला जाणवतात हे सर्पमित्रांनी वर सांगितलंच आहे.