मदत हवी आहे: रेकॉर्डिंग सुरेल, स्टेजवर बेसूर. पुरस्कार द्यावा का? (ट्रॉफीचा मजकूर शनिवारपर्यंत द्यायचाय)

सचिवबाई, इंदूर

नमस्कार मंडळी. घरचं भांडण चव्हाट्यावर नको, म्हणून मंडळाचं आणि गायिकेचं नाव लिहीत नाही. कोणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका.

आमचं इंदुरातलं जुनं मराठी मंडळ. दरवर्षी सुगम संगीताचा एक पुरस्कार देतो. शाल, श्रीफळ, ट्रॉफी आणि पाकिटात एकवीस हजार. नियमावलीत त्याबद्दल एकच ओळ आहे, टाइपरायटरवर टाइप केलेली: ‘वर्षातील उत्कृष्ट गायनासाठी’. इतकी वर्षं या ओळीने कोणाला त्रास दिला नाही.

यंदा सभासदांनी भरभरून मतं दिली ती एका तरुण गायिकेला. तिचं एक भावगीत गेल्या दिवाळीपासून ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. माझ्या सुनेची रिंगटोन तीच. कोपऱ्यावरचा पोहेवाला सकाळी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरताना तेच लावतो, आणि त्याला मराठीचा एक शब्द येत नाही. गाणं खरंच छान आहे. माझंही मत तिलाच होतं.

मग कार्यकारिणीत कोणीतरी म्हणालं, पुरस्काराआधी तिचा कार्यक्रमच ठेवू या, तिकिटातून खर्चही निघेल. इथेच माशी शिंकली.

ती आली, साधी मुलगी आहे, नखरे नाहीत. सोबत एक तबलजी, बाकी सगळं लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर. पहिली दोन गाणी कशीबशी निभावली. तिसरं ते गाणं. रेकॉर्डिंगमध्ये मुखड्याचा शेवटचा सूर अजून रेंगाळत असतो आणि त्याच्यावरूनच अंतऱ्याचा पहिला शब्द येतो, आठवतंय ना? स्टेजवर प्रत्येक वेळी तो पहिला शब्दच गायब. श्वास घ्यावा लागत होता बिचारीला. पुढे तार सप्तकातल्या गंधाराला, त्या उंच सुराला, गेली ती खालीच राहिली. एकदा नव्हे, तिन्ही वेळा. माझ्या शेजारच्या वहिनींनी डोळे मिटून घेतले, तल्लीन होऊन नव्हे. शेवटी तिने माइक प्रेक्षकांकडे केला, आणि खरं सांगते, प्रेक्षक तिच्यापेक्षा सुरात होते. मधून मधून एक बोट वर करून हवेत नाचवत होती, तेही मला खटकलं. भावगीताला असली रॉकस्टारगिरी कशाला?

दुसऱ्या दिवशी बैठक. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, ही शुद्ध फसवणूक आहे, रेकॉर्डिंगमधला सूर मशीनचा आहे, पुरस्कार रद्द करा. खजिनदार म्हणतात, मतं गाण्याला पडली, कार्यक्रमाला नाही, तेव्हा मुकाट्याने द्या. तिसऱ्या एकांनी सुचवलं की पुरस्काराचं नावच ‘लोकप्रिय गायिका’ करून टाकू, म्हणजे सूर लागला की नाही हा प्रश्नच उरत नाही. हे मला सगळ्यात वाईट वाटलं. द्यायचा तर मान म्हणून द्या, चिमटा काढून कशाला?

तर विचारायचं असं, की ‘गायन’ म्हणजे नेमकं काय धरायचं? मोठमोठ्या पुरस्कारांत हे कसं ठरवतात? ट्रॉफीवाल्याला मजकूर शनिवारी द्यायचा आहे.

जुना_श्रोता

सचिवबाई, प्रश्न तुम्हाला पडला याचंच आश्चर्य वाटतं. अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेली माणसं या गावात अजून आहेत. तासाभराच्या अंतरावर देवासला कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, राहायचे, क्षयातून उठून पुन्हा मैफलीला बसलेला माणूस. आपल्या कानांना ही सवय. गाणं म्हणजे समोर बसून गायलेलं. जे समोर येत नाही ते गाणं नव्हे, ते प्रॉडक्ट.

आणि रेकॉर्डिंगचं कौतुक सांगू नका. पूर्वी रेकॉर्डिंगलासुद्धा अख्खा वाद्यवृंद समोर असायचा. एक व्हायोलिन चुकलं तरी गाणं पहिल्यापासून. त्या काळच्या रेकॉर्डला पुरस्कार म्हणजे गाण्यालाच पुरस्कार होता. आता ओळ ओळ गातात आणि शिवतात. शिंप्याला द्या मग ट्रॉफी.

सचिवबाई

शिंप्याची कोटी बैठकीत वापरते, चालेल ना? पण काका, खाँसाहेबांना मी फक्त रेकॉर्डवरच ऐकलंय. ते गाणं नव्हे म्हणता?

बडोद्याहून_बोलतोय

ताई, मोठ्या पुरस्कारांचं विचारलंत म्हणून जरा लांबण लावतो.

ग्रॅमी हे नावच ग्रामोफोनवरून आलेलं आहे. १९५९ पासून देतात, आणि देतात ते ध्वनिमुद्रणाला. मत देणारे सभासद त्या मुदतीत निघालेली रेकॉर्ड ऐकून मत देतात, स्टेजवर कोण कसं गायलं याचे गुण त्यात नसतात. बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टमध्ये दौरे बंद केले, पुढच्या वर्षी स्टुडिओत बसून एक अल्बम केला आणि १९६८ साली त्यालाच वर्षाच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ग्लेन गूल्ड हा पियानोवादक १९६४ नंतर लोकांसमोर वाजवायलाच बसला नाही. १९८३ साली त्याने वाजवलेल्या बाख या संगीतकाराच्या रचनांच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं तेव्हा तो हयातही नव्हता. आता त्याला काय म्हणणार, आधी वाजवून दाखवा?

पण तुमच्या ‘फसवणूक’वाल्या काकांसाठी खरा किस्सा मिली व्हॅनिली या जोडीचा. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत भर कार्यक्रमात त्यांचा ट्रॅक अडकला, एकच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली आणि गडी स्टेजवरून पळाला. सगळ्यांनी पाहिलं. तरी फेब्रुवारी १९९० मध्ये नवोदितांचं ग्रॅमी त्यांनाच. ते काढून घेतलं नोव्हेंबरमध्ये, निर्मात्याने कबूल केल्यावर की रेकॉर्डवरचा आवाजही त्यांचा नाही. म्हणजे स्टेजवर सगळा खेळ उघडा पडला तेव्हा पुरस्कार गेला नाही. रेकॉर्डच खोटी निघाली तेव्हा गेला. तुमच्या गायिकेच्या रेकॉर्डवर गळा तिचाच आहे ना? मग फसवणूक हा शब्द मागे घ्या म्हणावं.

आणि तुम्ही तर लताबाईंच्या जन्मगावच्या. १९५७ च्या फिल्मफेअर सोहळ्यात ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार होता, शंकर-जयकिशनना तिथे ‘रसिक बलमा’ लताबाईंकडून गाऊन घ्यायचं होतं. त्यांनी नकार दिला. गायकाला पुरस्कारच देत नाही, तर गायकाशिवाय नुसता वाद्यवृंदच वाजवा, असा त्यांचा मुद्दा. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच, ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’ला. म्हणजे सोहळ्यात गाणं आणि पडद्यामागे गायलेल्या गाण्याचा मान, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुमच्याच गावच्या बाईंनी तेव्हाच दाखवून दिलं.

जुना_श्रोता

बडोदेकर, लताबाईंचं उदाहरण इथे देऊ नका. त्या स्टेजवरही तितक्याच सुरात गायच्या. १९७४ चा लंडनचा अल्बर्ट हॉल काढून ऐका.

बडोद्याहून_बोलतोय

मान्य. पण तो हॉल त्यांच्या पहिल्या फिल्मफेअरनंतर पंधरा वर्षांनी. तोपर्यंत पुरस्कार अडवून ठेवायचे होते का? आणि उलटंही बघा. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर रेकॉर्डिंगला नाखूश असायच्या, मैफलीच्या तुलनेत त्यांचं ध्वनिमुद्रण हातावर मोजण्याएवढं. तरी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत आपल्याकडून जे अंतराळात गेलं ते त्यांचं साडेतीन मिनिटांचं रेकॉर्डच. मैफल यानात भरता येत नाही हो.

साउंडवाला_भिया

काकू, एक विचारू? तिला मॉनिटर दिला होता का?

समोरचे मोठे स्पीकर प्रेक्षकांसाठी असतात, गाणारा त्यांच्या पाठीमागे. त्याला स्वतःचा आवाज येतो तो मागच्या भिंतीवर आपटून, गढूळ होऊन. वीस मीटरवर भिंत असेल तर जाऊन यायला सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा जातो. तेवढ्यात तबला पुढे निघून गेलेला असतो. म्हणून स्टेजच्या पुढ्यात गायकाकडे तोंड करून तिरके डबे ठेवतात, ते मॉनिटर. ते नसले की माणूस स्वतःला ऐकू यावं म्हणून जोर लावतो, दम लवकर संपतो आणि वरचा सूर पहिल्यांदा पडतो.

आणि काकू, ते बोट वर करून नाचवणं रॉकस्टारगिरी नव्हती हो. बोट वर म्हणजे ‘भिया, मॉनिटरमध्ये माझा आवाज वाढव.’ आमच्या लाइनीत ही खूण लहान पोराला कळते.

अजून एक. ट्रॅकची पट्टी लॅपटॉपवर अर्धा सूर उतरवायला मिनिट लागत नाही. घसा बसला असेल तर करतात, त्यात लाज नाही. साउंड चेकला विचारलं होतं कोणी?

सचिवबाई

आज सकाळी साउंडवाल्याला फोन केला आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

मॉनिटर दोन होते. एक तबल्याकडे. दुसरा तिच्यासमोर, तो प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात शिट्टी मारायला लागला म्हणून बंद केला. बंद करायची खूण कोणी केली? मी. विंगेतून, हाताने मान कापल्यासारखी. नंतर तो चालू करायचं ना त्याला सुचलं ना मला. आणि साउंड चेक झालाच नव्हता, कारण दुपारी त्याच सभागृहात आमचीच पाककला स्पर्धा होती.

म्हणजे ती पोर दीड तास बोट वर करत होती आणि मी पहिल्या रांगेत बसून तिचे गुण कापत होते.

पंच_इन

मी इंदुरातच एका छोट्या स्टुडिओत काम करते, गातेही. मॉनिटरचं कळलं ते बरं झालं, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलू नका. तो रेंगाळणारा सूर आणि वरून येणारा शब्द एका गळ्यातून एका वेळी निघूच शकत नाही. दोन वेगळ्या ट्रॅकवर गाऊन एकावर एक ठेवलेत. स्टेजसाठी तिने ती जागा बदलून घ्यायला हवी होती किंवा सोबत एक कोरसवाली आणायला हवी होती. तेवढा गृहपाठ तिचा कमी पडला.

राहिलं मशीन. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. ते ज्याने बनवलं तो आधी तेल शोधायला जमिनीत सोडलेल्या लहरींचं गणित करायचा, तेच गणित त्याने गळ्याला लावलं. त्याने सूर जागेवर बसतो, पण शब्द कुठे हलका सोडायचा, श्वास कुठे ऐकू येऊ द्यायचा, हे ते करत नाही. त्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी एक छोटासा श्वास ठेवलाय. आम्ही सहसा असे श्वास कापून टाकतो. तो कोणीतरी विचार करून ठेवलाय, आणि माझ्या मते लोक त्या श्वासावर भाळलेत. ओळ ओळ गाणं सोपं असतं असं वाटत असेल तर या एकदा. तोच शब्द चौदाव्यांदा पहिल्यासारखा म्हणून दाखवा.

जुना_श्रोता काका, शिंप्याला ट्रॉफी द्या म्हणालात ते गमतीत, पण द्यायलाच हवी. रेकॉर्डिस्टचं नाव तुमच्या कुठल्या पुरस्कारावर पाहिलंय?

जुना_श्रोता

मुली, तो श्वास मी आत्ता हेडफोन लावून ऐकला. आहे खरा.

तरी माझं मत बदललेलं नाही. मैफलीचा पुरस्कार असेल तर तिला देऊ नका. रेकॉर्डचा असेल तर रेकॉर्डचा म्हणा, ‘गायन’ हा मोघम शब्द काढा. आपल्या राज्याचा लता मंगेशकर सन्मानही आळीपाळीने गायनाला आणि संगीत दिग्दर्शनाला असतो. निदान कशासाठी देतोय ते आधी सांगतात.

सचिवबाई

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते आणि धागा बंद करते.

तिला फोन केला, मॉनिटरबद्दल माफी मागितली. ती हसली. म्हणाली, “काकू, मॉनिटर असता तरी तो गंधार लागला नसता. स्टुडिओत अकराव्या टेकला लागला होता.” इतक्या सरळपणे म्हणाली की मलाच काय बोलावं सुचेना. मग विचारलं, हे बैठकीत सांगू का? म्हणाली, सांगा की.

सांगितलं. ज्येष्ठ सभासद थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “अकराव्याला का होईना, तिनेच लावला ना?” ‘फसवणूक’ हा शब्द इतिवृत्तातून काढायला त्यांनीच सांगितलं. ‘लोकप्रिय’ची सूचना मात्र मतदानाने पाडावी लागली, चार विरुद्ध तीन. नियमावलीत आता दोन ओळी आहेत: ‘वर्षातील उत्कृष्ट ध्वनिमुद्रित गायनासाठी’, आणि मैफलीसाठी वेगळा पुरस्कार, निधी जमला की. रेकॉर्डिस्टला यंदा ट्रॉफी जमत नाही, पण स्टेजवर बोलावून शाल देणार आहोत. त्याचं नाव शोधायला दोन दिवस लागले. कुठे छापलेलंच नव्हतं.

साउंड चेक दुपारी तीनला ठेवलाय. पाककला स्पर्धा पुढच्या रविवारी.

ट्रॉफीवाल्याला मजकूर दिला. तो अक्षरं मोजून म्हणाला, नुसतं ‘गायन’ ठेवलंत तर एका ओळीत बसेल बाई, ‘ध्वनिमुद्रित’चे पैसे वेगळे पडतील. म्हटलं, पडू देत.