अंदमान, फेब्रुवारी: एंडेमिक पक्ष्यांसाठी प्लॅन बघून सांगा प्लीज

रानभूल

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतं जाऊ जाऊ चाललेलं अंदमान एकदाचं ठरलं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढली, आठवडाभर हातात आहे. सोबत बायको (पक्ष्यांचं वेड नाही पण माझं सहन करते) आणि आई (वय ६८, सेल्युलर जेल बघायचं म्हणून येतेय, बाकी कुठेही न्या म्हणते). टूरवाल्याने जो प्लॅन पाठवलाय त्यात पोर्ट ब्लेअरला पहिली आणि शेवटची रात्र, मधे हॅवलॉक, नील, एक दिवस बाराटांग, म्हणजे सगळा वेळ बोटीत आणि गाडीत. मी त्याला म्हटलं मला पक्षी बघायचेत तर म्हणतो सर चिडिया टापूला सनसेट आहे ना, तिथे पक्षी असतात. आता काय बोलणार.

तर प्रश्न असे की एंडेमिकसाठी (म्हणजे फक्त तिथेच सापडणारे पक्षी) नक्की कुठे किती रात्री द्यायच्या, हॅवलॉक ठेवायचं की उडवायचं, नारकोंडमचा धनेश आणि निकोबारचे पक्षी यांचं काही जमू शकतं का (माहितीये हावरटपणा आहे), आणि गाइड लागतोच का की ईबर्डवरचे (पक्षी-नोंदींची साइट) हॉटस्पॉट बघून आपलं आपण फिरता येतं? सह्याद्रीत मी एकटाच फिरतो त्यामुळे गाइडची सवय नाही. कॅमेरा आहे पण फोटोपेक्षा नीट बघायला मिळणं महत्त्वाचं.

जुनी दुर्बीण

पहिलं काम, तो प्लॅन फाडून टाका. अंदमानचे जवळजवळ सगळे एंडेमिक दक्षिण अंदमानातच, पोर्ट ब्लेअरपासून गाडीने तास-दीड तासाच्या आत मिळतात, त्यासाठी बेटाबेटांवर उड्या मारायची गरजच नाही. (नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय पण रिक्षावाल्यापासून सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात.) एकच हॉटेल घ्या, सामान एकदाच उघडा आणि रोज पहाटे वेगळ्या दिशेला निघा.

चिडिया टापू, शहरापासून २५ किमी, ही तुमची मुख्य जागा. टूरवाला सनसेट म्हणतो तेव्हा तिथे गाड्यांची जत्रा असते, तुम्ही उजाडताना जा. रस्ता जंगलातून जातो, दोन्ही बाजूंना गर्जन आणि पडौकची उंच झाडं, गाडी मागे ठेवून नुसतं चालायचं. अंदमान टकाचोर (पिवळा डोळा दिसला की कळतोच), अंदमान कोतवाल, अंदमान शामा, अंदमान बुलबुल, फुलटोचा हे सगळे याच रस्त्यावर मिळतात. भारद्वाज तर शहराच्या कडेलाही दिसतो, आपल्याकडच्यासारखा काळा नाही, फिकट तपकिरी डोक्याचा. सुतार पक्ष्यासाठी मात्र कान उघडे ठेवा, आधी ठोके ऐकू येतात. अख्खा काळा पक्षी, डोक्यावर लाल तुरा आणि फिकट डोळा, एकदा खोडाला चिकटला की बराच वेळ हलत नाही, मी खाली उभा आणि वरून लाकडाचे कपचे शर्टाच्या कॉलरमधे पडत होते, मान दुखायला लागली तरी खाली बघवेना.

दुसरी जागा माउंट हॅरिएट (२०२१ पासून माउंट मणिपूर). चाथमवरून गाडी फेरीत चढवायची, पलीकडे बांबू फ्लॅटला उतरायचं आणि होपटाउनवरून वर. हो, तेच होपटाउन जिथे १८७२ मधे शेर अलीने व्हाइसरॉय मेयोला मारलं. फेरीची पहिली वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, ती चुकली तर फेरारगंजवरून लांबचा वळसा पडतो आणि सकाळ वाया जाते. वरती वूड पिजन आणि कुक्कू-डव्हची आशा धरायची. वूड पिजन हा तिथला राज्यपक्षी पण दर्शन द्यायला महाकंजूस, शेंड्यात बसतो आणि फळं टाकत राहतो, खाली फळं पडताना दिसली की वर बघायचं. आईलाही इथे आणा, जुन्या वीसच्या नोटेवरचं दृश्य इथूनच दिसतं.

हॅवलॉक बायकोसाठी ठेवायचं तर एक रात्र ठेवा, पक्ष्यांसाठी नको. गाइड मात्र घ्या, निदान पहिल्या दिवशी आणि रात्रीच्या फेऱ्यांना. पत्ते सगळे ईबर्डवर आहेत, पण घुबडं आज कुठल्या सुपारीच्या बागेत बोलतायत ते ईबर्ड सांगत नाही.

कोकणी_कोंबडा

नारकोंडमचा विचार सोडा. ६-७ चौरस किमीचं ज्वालामुखीचं बेट, तो धनेश जगात फक्त तिथेच, पर्यटकांसाठी बोट नाही, अभयारण्य आहे, खास परवानगी लागते. मीही नकाशा बघून बघून उसासे टाकलेत.

निकोबारचंही तेच, आदिवासी राखीव क्षेत्र असल्याने पास लागतो आणि नुसतं फिरायला येतोय म्हटल्यावर तो सहसा मिळत नाही. वाईट याचं वाटतं की निकोबार मेगापोडसारखा पक्षी (वाळू आणि कुजक्या पाल्याचा ढिगारा करून त्याच्या उबेवर अंडी उबवतो, स्वतः बसत नाही) २००४ च्या त्सुनामीत मार खाऊन कसाबसा सावरला आणि आता ज्या गॅलाथिया उपसागरावर त्याचे ढिगारे आहेत तिथेच मोठं बंदर होणार, अभयारण्याचा दर्जा २०२१ मधे काढला, २०२२ मधे पर्यावरण मंजुरीपण दिली. असो, धागा भरकटवत नाही.

चांदणवेल

घुबडांसाठी निदान तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. लोक दिवसभर हिंडून दमतात आणि सातला जेवून झोपतात आणि मग घुबडं हुकली म्हणून रडतात. अंदमानचा खरा माल रात्री आहे. ह्यूम्स बूबुक अख्खा गडद चॉकलेटी, त्यात पिवळे डोळे, तर अंदमान बूबुकच्या पोटावर तांबूस रेघा, दोन्ही एकाच भागात मिळतात त्यामुळे गडबड होऊ देऊ नका. शिवाय अंदमान पिंगळा (स्कॉप्स) आणि अंदमान रातवा. सगळ्यात अवघड गव्हाणी घुबड, तिथला वेगळा, बहुतेकांचं तेच राहतं. बर्मानाला ते चिडिया टापू रस्ता अंधार पडल्यावर हळूहळू करायचा, पण टॉर्च डोळ्यावर मारत बसू नका.

सर्पगरुड बघतानाही लक्ष असू द्या. किनाऱ्यालगत, खारफुटीजवळ फिकट दिसला तर तो आपला नेहमीचा सर्पगरुड, आत जंगलात गडद तपकिरी दिसला तर अंदमान सर्पगरुड. पहिल्याच दिवशी जेटीवर बघितलेला लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) म्हणून टिकमार्क करू नका :)

रानभूल

बापरे, एवढी माहिती, मनापासून आभार! टूरवाल्याला फोन करून हॅवलॉक एका रात्रीवर आणलं, बाराटांग अजून ठेवलंय कारण चुनखडीच्या गुहा आईला बघायच्यात आणि तिकडे पॅरट आयलंड का काहीतरी आहे म्हणे. आणि घुबडांसाठी प्लेबॅक नेऊ का? फोनवर आवाज उतरवलेत, छोटा स्पीकरपण आहे.

कोकणी_कोंबडा

थोडा वापरायला हरकत नाही, एकदा वाजवायचं, उत्तर आलं की बंद. घुबडं नाहीतर दिसणारच नाहीत.

चांदणवेल

नाही पटलं. तुम्ही एकदा वाजवाल हो, पण अख्ख्या सीझनभर त्याच दोन-तीन सुपारीच्या बागांत प्रत्येक ग्रुप येऊन एकदाच वाजवतो. फेब्रुवारीत काही पक्ष्यांची जोडी-घरटी सुरू झालेली असतात, तो पक्षी दर रात्री खोट्या शत्रूला हाकलत बसणार. मुख्य भूमीवर एका जागी त्रास झाला तर पक्षी पलीकडच्या डोंगरात तरी असतो, इथे जगातली सगळी संख्याच या बेटांवर आहे. ही घुबडं स्वतःहून भरपूर बोलतात, अर्धा तास गप्प उभं राहायची तयारी हवी एवढंच. स्पीकर घरीच ठेवा.

कोकणी_कोंबडा

मान्य, अर्ध्यापर्यंत. निदान फटाकडीसाठी (पाणकोंबडीसारखा पक्षी) तरी वाजवू नका असं मीपण म्हणेन, अंदमान फटाकडी एवढी लाजाळू आहे की पहाटे रस्त्याकडेच्या ओहोळापाशी गाडीत बसून वाट बघणं हाच उपाय, खाली उतरलात की ती गेलीच.

आंबटगोड

उशिरा लिहितेय. नवरा नेव्हीत त्यामुळे आमचं बिऱ्हाड सध्या इथेच आहे, मूळची साताऱ्याची. काही घरगुती सूचना.

इथे उजेड लवकर येतो आणि लवकर जातो, घड्याळ मात्र मुंबईचंच. फेब्रुवारीत साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. म्हणजे पक्ष्यांसाठी साडेचारला हॉटेल सोडायचं, ड्रायव्हरला आदल्या रात्री बजावायचं आणि डब्यात काहीतरी बरोबर घ्यायचं कारण त्यावेळी चहासुद्धा मिळत नाही. त्याचा फायदा असा की दहापर्यंत तुमचं पक्षी बघून झालेलं असतं, परत येऊन आईंना जेल दाखवता येतं, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो त्यांना दाखवा, तोवर तुम्ही घुबडांना जा. रॉस बेटावर (नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) सगळ्यांनी जा, पडक्या इमारतींवर वडाची मुळं चढलीयत ते बघण्यासारखं आहे, पण तिथले मोर आणि चितळ बाहेरून आणून सोडलेले आहेत, ते यादीत धरू नका.

सिपीघाट कोणी लिहिलंच नाही! त्सुनामीच्या वेळी दक्षिण अंदमानची जमीन साधारण मीटरभर खचली, भातशेतात समुद्राचं पाणी शिरलं ते परत गेलंच नाही. ज्यांची शेती गेली त्यांच्यासाठी वाईटच, पण आता तिथे पाणथळ झालंय, पाण्यात सुकलेल्या झाडांची खोडं उभी आहेत आणि त्यांच्यावर बगळे, खंड्ये बसलेले असतात. अंदमान टील (बदक) इथेच बघा, डोळ्याभोवती पांढरं असतं, पण ते दिवसा बरेचदा खारफुटीच्या सावलीत झोपा काढतात, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी चार-साडेचारला चला. शहरातून वांडूरच्या रस्त्यालाच आहे, आई आणि बायको गाडीत बसूनही बघू शकतील. पांढऱ्या डोक्याची साळुंकी तर तारांवरच सापडेल.

बाराटांगबद्दल माझं मत विचाराल तर नको. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, जिरकाटांगला गाड्यांची रांग लावून कॉन्व्हॉयने सोडतात, मधे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग पक्षी काय बघणार? शिवाय पॅरट आयलंडवर पोपट संध्याकाळी येतात आणि परतीचा शेवटचा कॉन्व्हॉय दुपारीच निघतो, म्हणजे रात्रभर तिकडे राहावं लागणार. त्या लोकांच्या घरातून आपण रोज शेकड्याने गाड्या न्यायच्या हे मला स्वतःला पटत नाही, आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी सरळ नाही म्हणते. जिरकाटांगच्या अलीकडचं जंगल पक्ष्यांसाठी चांगलं आहे, चेकपोस्टच्या आधीच फिरा आणि परत फिरा.

वाळूवर सँडफ्लाय चावतात, पूर्ण बाह्या घाला. वांडूर आणि खाडीच्या बाजूला मगरीच्या पाट्या आहेत त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत, पाण्याच्या कडेला वाकून फोटो काढू नका. कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेल टाका, इथल्या दमटपणाने लेन्सला बुरशी लागते. ईबर्ड आणि मर्लिनचे (पक्षी ओळखायचं ॲप) पॅक घरूनच डाउनलोड करा, २०२० मधे चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून शहरात नेट बरं चालतं पण चिडिया टापूला जंगलात भरवसा नाही. शिंपले-पोवळी उचलू नका, एअरपोर्टवर बॅग उघडतात.

रानभूल

ताई तुम्ही तर अख्खा प्लॅनच करून दिलात. बाराटांग काढलं. आईला कारण सांगितलं तर म्हणाली मग गुहा कशाला, आपल्याकडे लेणी कमी आहेत का.

आता असं ठरतंय: पोहोचल्या दिवशी संध्याकाळी सिपीघाट, मग दोन सकाळी चिडिया टापू, एक सकाळ माउंट हॅरिएट, एक जिरकाटांगच्या अलीकडे, मधे हॅवलॉकची रात्र (बायकोने स्नॉर्केलिंगचे पैसे भरलेत, तो विषय संपला), रात्रीच्या तीन फेऱ्या. स्पीकर नेत नाही. एकच शंका, शोल बे घालू का? तिथे तांबडा खंड्या (रुडी किंगफिशर) मिळतो असं वाचलं.

जुनी दुर्बीण

घाला, हॅरिएटच्याच दिवशी. वरून दहाला उतरलात की त्याच बाजूने उत्तरेला कालाटांग आणि मग शोल बे, परत फेरीने अलीकडे येऊन पुन्हा निघू नका, दिवस तिकडेच काढा. रुडी किंगफिशर खारफुटीच्या आत सावलीत बसतो, उघड्यावर बसलेला निळा-पांढरा दिसेल तो कॉलर्ड, तो शेकड्याने आहे. दुपारी दोन-तीनची वेळ मेलेली असते, तेव्हा बांबू फ्लॅटला एखाद्या बंगाली खानावळीत मासे-भात खा, आईंसाठी शाकाहारी आधी विचारून घ्या कारण डाळीतही कधीकधी माशाचं डोकं असतं.

आणि ड्रायव्हर एकच ठरवा पूर्ण आठवड्यासाठी. साडेचारला उठणारा ड्रायव्हर मिळाला की सोडायचा नाही.

आंबटगोड

ड्रायव्हरचं मी विचारून ठेवते, आमच्या शेजारच्यांनी गेल्या महिन्यात एक नेला होता, पहाटे वेळेवर यायचा म्हणे. मेसेज करा.