प्रति: नेक्सॉन ईव्हीला १८ इंची अलॉय आणि सेन्सर

दादा, तुमच्या नेक्सॉन ईव्हीला (टाटाची इलेक्ट्रिक गाडी) १८ इंची अलॉय चाकं टाकायचा विचार करताय आणि टायरमधली हवा मोजणाऱ्या सेन्सरचं काय करायचं विचारताय ते वाचलं, दिसायला भारीच दिसतील पण आपल्या साताऱ्यात नका टाकू, टायरची साईडवॉल (रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची बाजू) कमी उंचीची होते आणि यवतेश्वर घाटातून कासला जाताना एखादा खड्डा बसला की रिमच वाकते. शिवाय चाक जड आणि रुंद झालं की रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) कमी होणारच. बदलायचेच असतील तर १७ इंच बास, कंपनीचा टायर २१५/६० आर १६ मापाचा (शेवटचा आकडा रिमचे इंच) आहे त्याला २१५/५५ आर १७ जवळपास तेवढ्याच व्यासाचा येतो, त्यामुळं स्पीडोमीटर चुकत नाही. बॅटरीमुळं गाडी जड असते, म्हणून टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका आणि रिमवर किती किलोचं रेटिंग कोरलंय ते आतल्या बाजूनं स्वतः बघा, दुकानदार सांगतोय म्हणून नको.

वर एकानं व्हॉल्वच्या टोपीवर बसणारे स्वस्त सेन्सर सुचवलेत, ते वेगळं प्रकरण, त्यांचे आकडे गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाहीत आणि ते चोरीला जातात. तुमच्या गाडीच्या चाकांत आतून सेन्सर असतील तर तेच जुने नव्या रिममध्ये घाला, फक्त रबरी सील नवीन टाका. आणि टायर काढताना मशीनचा फाळ (टायर रिमपासून सोडवणारा दाबपट्टा) व्हॉल्वजवळ लावू देऊ नका, सेन्सर तिथंच आतून चिकटून असतो, हमखास तुटतो, तेवढा वेळ तिथं उभंच राहा.