‘फ्रेंच कॅनकॅन’: नीनी जिंकली की दांग्लारनं तिला गुंडाळलं?

निशाचर:
ज्याँ रेन्वारचा १९५५चा सिनेमा पुन्हा पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं पॅरिस, तिथली माँमार्त्र वस्ती. कायम कर्जात असलेला नाचघरवाला दांग्लार (नट ज्याँ गाबँ) परटीण नीनीला हेरतो, नाच शिकवतो, जवळ करतो. त्याच्या नव्या नाचघराच्या, ‘मूलँ रूज’च्या पहिल्याच रात्री तिला कळतं की गडी आता नव्या गायिकेच्या मागे आहे. ती दार लावून बसते. माफी मागायची सोडून हा ‘आपण सगळे प्रेक्षकांचे चाकर’ म्हणून तिलाच झापतो, आणि ती नाचायला जाते! लोक याला कलेचा जयजयकार म्हणतात. मला ही मालकानं नोकराची काढलेली समजूत वाटते.

रानजाई:
पावलो बेकरीवाला लग्नाला तयार होता, फक्त नाच सोडायची अट. तिच्यावर भाळलेला प्रिन्स तर सगळं ओवाळून टाकायला बसलेला. दोघांना तिची मालकी हवी होती. दांग्लार लबाड आहे, मान्य, पण तो तिला घरी बसवत नाही.

निशाचर:
वा! घरी बसवत नाही एवढ्यावर उपकार मानायचे?

खडूस प्रेक्षक:
अहो, विनोदी सिनेमा आहे, कोर्टात कसला खेचताय? शेवटचा कॅनकॅन नाच बघा. पोरी भिंतीवरचं पोस्टर फाडून, दोरीला लटकून थेट लोकांत उतरतात. त्या वेळी दांग्लार कुठे असतो? विंगेमागे, खुर्चीत एकटा. नाच दिसत नाही, नुसत्या आवाजावर पाय हलवतोय. धंदेवाल्याचा चेहरा नाही तो. गाबँनं तिथे एका शब्दाशिवाय जे केलंय त्यापुढे ते भाषण पाणी कम. आणि रंग! सगळं माँमार्त्र स्टुडिओत उभं केलेलं, लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही. रेन्वार चित्रकाराचा मुलगा शोभतो.

निशाचर:
रंगांवर वाद नाहीच. पण दांग्लार बेतलाय शार्ल झिडलेरवर, ज्यानं जोझेफ ओलेरबरोबर १८८९ मध्ये खरं मूलँ रूज उघडलं. तिथली सर्वांत गाजलेली नर्तकी ला गुल्यू १८९५ मध्ये बाहेर पडली. जत्रेतल्या तिच्या तंबूसाठी चित्रकार तुलूज-लोत्रेकनं चित्रं काढून दिली, तरी १९२९ मध्ये ती कंगाल मेली. रेन्वार पडदा पाडतो तो उद्घाटनाच्याच रात्री. सोयीचं आहे.

रानजाई:
ती बाहेर पडली ती स्वतःचा खेळ लावायला, कुणी हाकललं नव्हतं. तुमच्या हिशोबात बाईनं जोखीम घेतली की ती फसलेलीच!