एमबीबीएस होऊन पेशंट सोडायचे आणि केसपेपर वाचत बसायचं, हे करिअर आहे का? माझ्या मते आहे

होटगीरोडवाला:
भाचीनं एमबीबीएस झाल्यावर पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिनला (एकेका पेशंटऐवजी सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा अभ्यास) एमडी करायचं ठरवलंय, पुढं साथरोगतज्ज्ञ, म्हणजे आजार कुणाला, कुठं, का होतात ते नोंदींतून शोधणारी, व्हायचंय तिला. घरात सगळे नाराज. वडील म्हणतात एवढं शिकून ना क्लिनिक ना पेशंट, नुसत्या नोंदी चाळायच्या. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं बघा की. बार्शीला १९८७ ला कॅन्सर नोंदणी सुरू झाली, देशातली ग्रामीण भागातली पहिली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यातली गावं घेतली आणि नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, कारण खेड्यातली बाई दुखणं अंगावर काढते, दवाखान्यात येतच नाही, मग दवाखान्याच्या कागदावर दिसणार कुठून. त्या नोंदींतून कळलं की आपल्या भागातल्या बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे. ओपीडीत बसून हे कुणाला कळलं असतं? डॉक्टरला आलेले पेशंट दिसतात, न आलेले मोजायला पण डॉक्टरच लागतो. माझं म्हणणं एवढंच.

कडक_भाकरी:
भाचीला शुभेच्छा, पण ती ज्या कागदांवर आयुष्य काढणार ते कागद मी भरलेत म्हणून बोलतोय. इंटर्नशिपला रात्रपाळीत मयताचा फॉर्म भरायचा, मरणाचं कारण काय लिहायचं तर ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’. अहो मरताना सगळ्यांचंच हृदय आणि श्वास थांबतो, ते काय कारण झालं? त्याला टीबी होता का, लिव्हर गेलं होतं का, विष प्यायला होता का, ते खालच्या ओळीत यायला पाहिजे आणि ती ओळ कोरी. २०२० च्या सरकारी आकड्यात देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले साधारण २२ टक्केच. त्यातले परत असले. यावर कितीही गणितं करा, खाली माती तर वर पण माती.

होटगीरोडवाला:
@कडक_भाकरी कोरी ओळ दिसली कुणाला? मोजणाऱ्यालाच ना. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ ला ब्रिटनच्या डॉक्टरांनाच सिगारेटबद्दल विचारलं, मग त्यातलं कोण कशानं गेलं ते मृत्यूच्या नोंदीतून वर्षानुवर्षं बघत राहिले, म्हणून सिगारेटनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे नक्की झालं. तिथं ती ओळ भरलेली होती. आपल्याकडं ती भरायची सवय लावणारं माणूस पण हेच शिकलेलं लागणार.

विजापूर_वेस:
पगाराचं बोला की कुणीतरी. क्लिनिकवाला मित्र बंगला बांधतो आणि हिला कंत्राटी नोकरी, दर अकरा महिन्यांनी परत ऑर्डर. बापाची काळजी चुकीची नाही.

पार्क_चौक:
पैशाचं खरं आहे. पण जानेवारी २०२५ ला पुण्यात जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) वाढला, तेव्हा पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापूरचा होता, पुण्याला जाऊन आलेला माणूस. एका दवाखान्यात एक-दोन केस म्हणजे दुर्मिळ आजार, सगळ्या दवाखान्यांची यादी एकत्र ठेवली की दिसतं बरेचसे सिंहगड रोडच्या बाजूचे, मग पाण्याकडं आणि कॅम्पायलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जंतूकडं नजर गेली. आयसीयूतला डॉक्टर त्या माणसाला व्हेंटिलेटर लावतो, पाणी कुठलं प्यायला हे शोधत फिरायला त्याला वेळ कुठाय.

अशोकचौक_पूर्वभाग:
काका, माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. दम लागतो, खोकला जात नाही. तिचा केसपेपर बघितला, धंद्याच्या रकान्यात ‘गृहिणी’. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचं तेच. उद्या तुमची भाची हजार केसपेपर घेऊन बसली तर तिला दिसणार काय, की गृहिणींना पण दमा होतो. तंबाखूच्या धुळीचं नावच नाही. आणि हे छापून आलं की विडी कारखानदार तेच पुढं करणार, बघा अभ्यासात काही निघालं नाही. चुकीची नोंद आमच्या अंगावर उलटते म्हणून मला राग येतोय.
दुसरं, आम्हाला विचारतं कोण? उस्मानाबादचा (आताचं धाराशिव) गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा तो मोठा अभ्यास, सव्वा लाखावर बायका, २००९ ला निकाल आला, एचपीव्हीची (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी केलेल्या गटात मृत्यू निम्म्यावर आले म्हणून जगभर कौतुक झालं. पण एका गटाला तपासणी दिलीच नव्हती, फक्त माहिती दिली. त्या गटात गेलेल्या बायकांच्या घरी जाऊन कौतुक सांगा.

होटगीरोडवाला:
ताई, रकान्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. पण उस्मानाबादचा तो प्रयोग होता, गट पाडून केलेला. त्या गटाबद्दल मलाही वाईट वाटतं, तो वाद तेव्हाही झाला आणि व्हायलाच पाहिजे होता. नोंदी वाचण्यात कुणाचा उपचार थांबत नाही.

अशोकचौक_पूर्वभाग:
उपचार थांबत नाही पण गुपित जातं. नाव काढलं म्हणता, गाव, वय, आजार ठेवला की आमच्या चाळीत लगेच कळतं कोण ते. टीबी कळला की पोरीचं लग्न मोडतं. आता आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, चौदा आकडी नंबर आलाय, सगळे कागद एका जागी. २०२३ च्या खासगी माहिती जपायच्या (डेटा) कायद्यात संशोधनाला सूट पण ठेवलीय.

कडक_भाकरी:
मी अजून म्हणतो कागद कच्चे आहेत. पण धंद्याचा रकाना उद्यापासून बदलता येईल, त्याला दिल्लीचा जीआर लागत नाही. विडी, यंत्रमाग, किती वर्षं, एवढंच विचारायचं.

अशोकचौक_पूर्वभाग:
विचारा. पण खिडकीवर रांगेत ओरडून नको, आणि आईशी तेलुगूत बोलणारं कुणीतरी बसवा, का विचारताय ते सांगा. ती नको म्हणाली तर लिहायचं नाही.

होटगीरोडवाला:
इथं माझं तुमच्याशी जमत नाही. धंदा विचारताना परवानगी घ्या, मान्य. पण कॅन्सरच्या मोजणीत प्रत्येकाला नको म्हणायची सोय ठेवली तर ज्या घाबरतात, ज्यांना हजेरी बुडवून यायला जमत नाही, त्याच पहिल्या गळतील आणि तुमची गल्ली परत आकड्यातून गायब. बार्शीची माणसं गावोगाव फिरली ती हेच टाळायला. नाव बाहेर गेलं तर ठेवणाऱ्याला शिक्षा करा, कडक करा, पण मोजायचं सोडू नका.

अशोकचौक_पूर्वभाग:
आधी शिक्षा कुणाला आणि काय ते लिहून द्या, मग मोजा. भाचीला म्हणावं एमडीचा थिसिस विडी कामगार बायकांवर घे, कारखान्याच्या दारात मी घेऊन जाते तिला.